दक्षिण नेमकी कुठून सुरू होते?

विषय निघाला अण्णाच्या भाचीवरून. मुलगी नोकरीला लागली चेन्नईत. तिथे तिला सगळे 'नॉर्थ इंडियन' म्हणतात. त्याआधी दिल्लीत शिकत होती, तेव्हा तिथल्या मैत्रिणी 'तुम्ही साउथवाले' म्हणायच्या. अण्णाने हे सांगितलं आणि विचारलं, "मग आपण आहोत तरी कुठले?"

भाऊ नागपूरचा. त्याचं उत्तर तयार होतं. "अरे, त्यात काय विचारायचं? मराठी कोणत्या कुळातली भाषा आहे? हिंदी, गुजराती, बंगाली ज्या कुळातल्या, त्याच कुळातली. म्हणजे आपण उत्तरेचे. तेलुगू-कन्नड सुरू झाली की दक्षिण सुरू. विषय संपला."

"संपला कसा?" मास्तर म्हणाले. त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवलाय. "देश जमिनीवर असतो ना? मग जमिनीकडे बघा. नर्मदा ओलांडली, सातपुडा चढला, की दख्खनचं पठार. जुने लोक हेच मानत. मनुस्मृतीतला आर्यावर्त हिमालय ते विंध्य एवढाच आहे. हर्षवर्धन उत्तरेचा सम्राट, पण त्याला बदामीच्या चालुक्य राजा पुलकेशीने अडवलं ते नर्मदेवर."

मला मास्तरांचं अर्धंच पटलं आणि मी तसं बोललोही. नदी सीमा म्हणून सोयीची असते, कारण ती दिसते आणि तिथे सैन्य अडवता येतं. पण मास्तर ज्या जमिनीची साक्ष काढत होते, ती जमीन नर्मदेला जुमानत नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आज तो पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेला आहे. तो नर्मदेपाशी थांबत नाही, पलीकडे माळव्यात जातो. इंदूरची काळी माती त्याचीच. सौराष्ट्रातही तोच खडक आहे. उलट आपल्याच राज्यातल्या गडचिरोलीत, चंद्रपूरच्या बऱ्याच भागात आणि खाली सिंधुदुर्गात तो संपतो, तिथे वेगळे आणि त्याहून कितीतरी जुने खडक लागतात. खडकाने सीमा आखायची तर इंदूर दख्खनमध्ये घ्यावं लागेल आणि गडचिरोली बाहेर काढावी लागेल.

मास्तर हसले नाहीत, पण 'हं' म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे पुढे बोल.

नाना रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांना सरकारी नकाशे पाठ. "सरकारने कधीच ठरवून टाकलंय. 1956 चा राज्य पुनर्रचना कायदा. त्यात देशाचे पाच विभाग, प्रत्येकाची एक क्षेत्रीय परिषद. महाराष्ट्र पश्चिम विभागात, गुजरात आणि गोव्याबरोबर. उत्तर नाही, दक्षिण नाही. पश्चिम."

"मग नांदेड कुठे?" अण्णाने बरोबर नस पकडली.

नाना थोडे थांबले. नांदेड विभाग दक्षिण मध्य रेल्वेत आहे, मुख्यालय सिकंदराबाद. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद संस्थानात आणि मग हैदराबाद राज्यात होता. तिथले रूळ निजामाच्या काळात हैदराबादकडे तोंड करून टाकले गेले. राज्य बदललं, पण रूळ कुठे उचलून फिरवता येतात? आणि लष्कराचं विचाराल तर सदर्न कमांडचं मुख्यालय पुण्यात, पण त्याच कमांडखाली जोधपूरही येतं. लष्कराच्या हिशेबात वाळवंटाचा तुकडासुद्धा दक्षिणेत. प्रत्येक खात्याने आपापल्या कामासाठी रेघ मारली आहे आणि त्या कामापुरती ती बरोबरच आहे. तिच्यावरून माणसांची ओळख ठरवायला कोणी सांगितलं नव्हतं. 'पश्चिम भारत' हा शब्द मला सगळ्यात पोकळ वाटतो. मुंबईच्या बाजारपेठेमुळे गुजरातशी आपलं नातं घट्ट आहे, ते मी नाकारत नाही. पण परभणीच्या शेतकऱ्याचं आणि कच्छच्या मालधाऱ्याचं, म्हणजे तिथल्या गुराख्याचं, काय जुळतं, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

भाऊ पुन्हा भाषेवर आला. मला तिथेच त्याला अडवायचं होतं, कारण हल्ली बहुतेक जण तिथेच थांबतात. आर्य भाषा म्हणजे उत्तर आणि द्राविड भाषा म्हणजे दक्षिण ही वाटणी इतकी अंगवळणी पडली आहे की ती युगायुगांची वाटते. द्राविड भाषांचं वेगळं कुळ आहे, हे एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी मांडलं. रॉबर्ट कॉल्डवेल या मिशनऱ्याचं द्राविड भाषांचं तौलनिक व्याकरण 1856 चं. शोध खराच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण भाषेच्या कुळावरून आख्ख्या संस्कृतीचं कूळ ठरवणं ही पुढची उडी आहे आणि ती महाराष्ट्रात येऊन चुकते. त्याच्या कितीतरी आधीपासून पंडितांची वाटणी वेगळीच होती. विंध्याच्या वरचे पंचगौड, खालचे पंचद्रविड. पंचद्रविडांत कोण? द्रविड, कर्नाटक, तैलंग, महाराष्ट्र आणि चक्क गुर्जर. बाराव्या शतकात काश्मीरात बसून लिहिणाऱ्या कल्हणाच्या नावावर हे श्लोक सांगतात. त्या पंडितांच्या लेखी मराठी आणि गुजराती ब्राह्मण दोघेही द्रविडच.

"ते ब्राह्मणांचं झालं," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांचं सांगा. कॅलेंडर बघा ना घरातलं."

वहिनी मूळच्या मालवणच्या, आता नागपुरात राहतात. त्यांच्या वाड्यात एक कुटुंब उत्तर प्रदेशातलं आहे. त्या शेजारणीचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. वहिनींचा सुरू होतो दीप अमावास्या झाल्यावर, म्हणजे साधारण पंधरा दिवसांनी. शेजारणीचे सोमवार आधी लागतात आणि आधी संपतात. एका जिन्यावर दोन श्रावण! आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमी आणि त्यांच्याकडे भाद्रपद कृष्ण अष्टमी. दिवस तोच, पाळणा त्याच रात्री, महिन्याचं नाव मात्र निराळं.

आणि हे आपल्याबरोबर कोण पाळतं? गुजरात, कर्नाटक, तेलंगणा, आंध्र. त्यातलं गुजरात वर्ष मोजताना बाजूला होतं, कारण त्यांचा विक्रम संवत दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो. शालिवाहन शक मोजणारे आणि चैत्राच्या पहिल्या दिवशी नवं वर्ष धरणारे आपण, कानडी आणि तेलुगू. आपला पाडवा तो त्यांचा उगादी. तमिळनाडू आणि केरळात सूर्यावरून महिने. तमिळ वर्ष एप्रिलच्या मध्यात सुरू होतं आणि मल्याळी वर्ष ऑगस्टमध्ये चिंगम लागला की. म्हणजे पंचांगाने देश कापायचा तर एक रेघ आपल्या उत्तरेला येते, दुसरी आंध्र-कर्नाटकाच्या दक्षिणेला. मधल्या पट्ट्यात आपण बेळगाव, हैदराबाद, विजयवाड्यासकट एकत्र.

अण्णाला आता चेव आला. "आणि लग्नाचं बोला की. आमच्या सोलापुराकडं मामाची पोरगी म्हंजे हक्काची. उत्तरेत हे नुसतं बोललात तरी कानावर हात ठेवतील."

ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. कुणाची मुलगी कुणाला द्यायची, हे समाजाच्या अगदी मुळाशी असतं. डेक्कन कॉलेजात शिकवणाऱ्या इरावती कर्व्यांनी 1953 साली आप्तसंबंधांवरून देशाची विभागणी मांडली, तेव्हा महाराष्ट्राला त्यांनी उत्तरेत टाकलं नाही आणि दक्षिणेतही नाही. त्याला मधल्या विभागात ठेवलं. उत्तरेत वडिलांकडच्या आणि आईकडच्या नात्यात लग्न नको, शक्यतो गावातही नको. मुलगी दूर, अनोळखी घरात जाते. दक्षिणेत आते-मामेभावंडांची लग्नं चालतात, बऱ्याच समाजांत मामा-भाचीचंही. महाराष्ट्रात अनेक जातींत मामेबहीण चालते, आतेबहिणीला मात्र पुष्कळ ठिकाणी नकार. म्हणजे दक्षिणेची चाल आपण घेतली, पण अर्धीच. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही आते-मामेभावंडांचा विवाह निषिद्ध नात्यांत येतो, पण रूढी असेल तर मुभा आहे. या मुभेशिवाय आपल्याकडची कितीतरी लग्नं बेकायदा ठरली असती.

भाऊला हे आवडत नव्हतं. "असं मोजत बसलं तर सगळंच दक्षिणेत जाऊन राहिलं बे. एक तरी गोष्ट उत्तरेची सांग."

सांगतो, म्हटलं. गाणं.

इथे रेघ एकदम खाली सरकते. हिंदुस्थानी संगीताची हद्द भाषेच्या हद्दीला मिळायला हवी होती, तर ती सोलापूर-कोल्हापूरला संपली असती. ती पोचली धारवाडला आणि तिथे अशी रुजली की गेल्या शतकातले थोर हिंदुस्थानी गवई मोजायला बसलं तर कन्नड मातृभाषेचे किती निघतात बघा. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, बसवराज राजगुरू, बेळगावजवळ जन्मलेले कुमार गंधर्व. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला स्थायिक झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे आणि भीमसेन व गंगूबाई सवाई गंधर्वांचे शिष्य. अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारात होते आणि त्यांच्या मुलांकडून मन्सूर शिकले. मिरज, कोल्हापूर, धारवाड हा एक प्रदेश होता, 1956 पर्यंत धारवाड मुंबई राज्यातच होतं. आणि त्याच कर्नाटकात म्हैसूरकडे गेलात की कर्नाटक संगीत. भाषा एक, संगीतं दोन! भाऊ, तुझी भाषेची रेघ इथे काय करणार? मन्सुरांना उत्तरेत घालशील की दक्षिणेत?

भाऊ गप्प राहिला. मन्सूर त्याचेही लाडके आहेत.

मास्तरांनी देवळांचा विषय काढला, आणि तो मला स्वतःला सगळ्यात भिडतो. मलप्रभेच्या काठी पट्टदकलला चालुक्यांनी सातव्या-आठव्या शतकात एकाच आवारात दोन्ही धाटणीची देवळं बांधली. गळगनाथाचं शिखर उत्तरेच्या नागर पद्धतीचं, हाकेच्या अंतरावर विरूपाक्षाचं विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, द्राविड. वेरूळचं कैलास लेणं राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं आणि शैलीने पूर्ण द्राविड, तेही गोदावरीच्या उत्तरेला. आणि अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर माळव्याशी नातं सांगणाऱ्या भूमिज शैलीचं. म्हणजे दक्षिणेची शैली वर संभाजीनगरापर्यंत आली आणि उत्तरेची खाली पट्टदकलपर्यंत गेली. त्या कारागिरांना कोणी विचारलं नाही की तुम्ही कुठल्या विभागाचे.

माझं म्हणणं मी तेव्हा मांडलं आणि इथेही मांडतो. दक्षिण सुरू होण्याची एक रेघ शोधणं सोडून द्यावं. सातपुड्यापासून तुंगभद्रेपर्यंत एक रुंद पट्टा आहे, ज्यात पंचांग, नाती, गाणं, देवळं, ज्वारीची भाकरी अशा प्रत्येक गोष्टीची रेघ वेगळ्या जागी पडते. (ज्वारीचं तर विचारूच नका. सोलापूर आणि विजापूरच्या ताटात भाकरीचं नाव तेवढं बदलतं.) हा पट्टा म्हणजे उत्तर आणि दक्षिण यांच्यामधली उरलेली जागा नाही. त्याला स्वतःचं नाव होतं. नाणेघाटातल्या लेखात सातवाहन राजाला दक्षिणापथाचा अधिपती म्हटलंय. जुनागडला शक क्षत्रप रुद्रदामनही आपण दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवलं असं कोरून ठेवतो. ऐहोळेच्या 634 च्या शिलालेखात बदामीचा पुलकेशी 99,000 गावं असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी आहे. आजही घरात पूजा असली की गुरुजी संकल्पात 'दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे' असा पत्ता सांगतात. आपली मुलं हा पत्ता ऐकतात आणि शाळेत 'पश्चिम भारत' लिहून येतात. मला याचं वाईट वाटतं. भाषेच्या एका रेघेने आपण बदामी, धारवाड, हम्पी हे सगळं परक्यांचं म्हणून सोडून दिलं आहे.

"पटलं," अण्णा म्हणाला. त्याला पटणारच होतं.

भाऊला नाही पटलं, आणि त्याचा मुद्दा मला खोडता आला नाही. "तुझा पट्टा गोदावरी-कृष्णेचा आहे. आमची वैनगंगा गोदावरीला मिळते, कबूल. पण नागपूर 1956 पर्यंत राजधानी होतं ते मध्य प्रांताचं, मग मध्य प्रदेशाचं. भोसल्यांची फौज गेली ती कटकेला. आमचं येणंजाणं रायपूर, जबलपूर. पुण्याहून दक्षिणापथ सांगणं सोपं आहे. आम्हाला मध्य भारत म्हण, ते चालेल."

हे खरं आहे. पूर्व विदर्भ आणि छत्तीसगड यांच्यामधली धानाची शेती, तळी, जंगल बघितलं की हा पट्टा तिथे विरत जातो असंच म्हणावं लागतं.

वहिनी इतका वेळ थांबल्या होत्या. "तुम्ही सगळे घाटावरचेच बोलताय. उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण. आमच्याकडे भात, मासे, नारळ, जांभ्याची घरं. मी केरळात गेले तर मला मालवण वाटतं, सोलापूरला गेले तर परदेश. आमची रेघ उभी आहे, सह्याद्रीची. तिच्याबद्दल कोणी बोललंच नाही."

मास्तरांनी लगेच साताऱ्याचा दाखला दिला. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला पाचशेच्या आसपास. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. इतकी तीक्ष्ण सीमा नर्मदेवरही नाही, तुंगभद्रेवरही नाही. पिकं बदलतात, घरांचे उतार बदलतात, जनावरं बदलतात, आणि दोन्हीकडचे लोक एकच भाषा बोलतात. नानांचं म्हणणं पडलं की पावसाने संस्कृती ठरत नाही. वहिनी म्हणाल्या, ज्यांच्याकडे पडत नाही त्यांना विचारा. पुढच्या रविवारी कोकण आणि देश यांवर बोलायचं ठरलंय, आणि अण्णा माणदेशातल्या एका मित्राला घेऊन येणार आहे.