ड्रॉइंगच्या सरांची चित्रं कुठं आहेत?

आपल्या सातारा जिल्ह्यात ड्रॉइंगचे सर म्हटलं की लोकांना फलकलेखन आठवतं, गॅदरिंगचं नेपथ्य आठवतं, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांचा निकाल आठवतो. तो माणूस स्वतः चित्रकार आहे, हे कुणाच्या गावीही नसतं. आमच्या सरांच्या निरोप समारंभात प्रत्येक वक्ता पोरांच्या ए ग्रेडवरच घसरला. शाल, श्रीफळ, जेवण, सगळं झालं. सरांचं एक चित्र काही तिथं लागलं नाही.

सर खरे पाहावेत ते वाईजवळच्या मेणवलीत, नदीच्या घाटावर. रविवारी पोरं घेऊन लँडस्केपला जायचे. कागद ओला करायचा, आकाश चार फटकाऱ्यांत उरकायचं आणि पायऱ्यांपाशी आलं की हात एकदम सावकाश. उन्हातल्या पायरीला रंग लावायचेच नाहीत. कोरा कागद तसाच सोडून फक्त सावली भरायचे, की पायरी आपोआप उजळायची. "पांढरी ट्यूब दप्तरात ठेव," म्हणायचे. जलरंगावर असा हात मी फार थोड्यांचा पाहिलाय.

इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला दहावीत 7 गुण, बी ला 5, सी ला 3. त्यामुळं पालकांना ड्रॉइंग आठवतं ते गुणांपुरतं. (तेवढ्यामुळं तरी तास टिकलाय म्हणा, नाहीतर तोही गणिताला गेला असता.)

बरं, आपल्याकडं परंपरा नाही असंही नाही. औंधला यमाईच्या डोंगरावर तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये संग्रहालय उभारलं. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, अगदी ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पसुद्धा तिथं आहे. राजा स्वतः चित्रं काढायचा, म्हणून त्याला कदर होती. त्याच औंधात राहिलेले पंडित सातवळेकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार, पण आपल्याला ठाऊक ते वेदांचे पंडित म्हणून. म्हणजे कुंचला विसरायची खोड आपली जुनीच.

सरांची चित्रं आज पलंगाखाली आहेत. दोन-तीन पावसाळ्यांत कागदावर बुरशीचे ठिपके आलेत. जिल्ह्यातल्या निवृत्त कलाशिक्षकांचं वर्षाला एक प्रदर्शन भरवायला काय हरकत आहे? नगरपालिकेचा एखादा हॉल पुरे. फक्त चित्रांना किंमत लावा. "सर, एक द्या की आठवण म्हणून" हे बंद.

बॅचच्या ग्रुपवर मी वर्गणी काढलीय, सत्काराला नाही, चित्रं विकत घ्यायला. आणि ज्यांच्या हॉलमध्ये सरांचं फुकट नेलेलं चित्र लटकतंय, त्यांनी आधी पैसे भरावेत.