जुलाबात पाणी तोडू नका: दिंडीच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर

आषाढी जवळ आली की आमच्या दिंडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदाही आला. वाटेत ढाळ लागले तर पाणी बंद करा, पोट कोरडं झालं की आपोआप थांबतं. जायफळ उगाळून भरपूर घ्या, लेकरांनाही द्या. ओआरएस (जुलाबात पाण्यात कालवून पाजतात ती मीठ-साखरेची पुडी) म्हणजे नुसतं साखरपाणी. आणि तुरटी फिरवलेलं पाणी बिनधास्त प्या. मी पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालते, म्हणून गप्प बसवत नाही.

पाणी बंद करण्याचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे. ढाळ प्यायलेल्या पाण्यामुळं वाढत नाहीत. आतडंच अंगातलं पाणी आणि क्षार बाहेर टाकत असतं. वरून पाणी तोडलं तरी ते थांबत नाही, थांबते ती भरपाई. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एका मावशींनी हा मेसेज ऐकून दुपारपर्यंत घोटभरही पाणी घेतलं नाही. बीडच्या उघड्या माळावर भोवळ येऊन पडल्या. जीभ लाकडासारखी, सकाळपासून लघवी नाही. शेवटी सलाईन लावावी लागली.

आता ते ‘साखरपाणी’. ओआरएसमधली साखर गोडीसाठी नसते. ढाळ चालू असतानाही आतड्यातली एक वाट शाबूत राहते. तिथून मीठ आणि ग्लुकोज जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागं पाणी ओढलं जातं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला, सलाईन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं हे मिश्रण तोंडावाटे पाजलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं.

एक लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला, अर्धी-अर्धी नको. पुडी नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाच्या चमच्यानं सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजानं टाकू नका, जास्त झालं तर लेकराला घातक ठरतं. वांती झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजा. जेवणही तोडायचं नाही: पेज, दहीभात, केळी चालतात.

जायफळ आपल्या आज्या बाळगुटीत एक-दोन वळसेच उगाळत, त्याला कारण आहे. जास्त झालं तर भ्रम होतो, छाती धडधडते. म्हणून ‘भरपूर’ हा शब्द त्या मेसेजमधून आधी काढा. सुंठ मळमळीला बरी, ओव्यानं गॅस मोकळा होतो, पण गेलेलं पाणी दोन्हींनी भरून येत नाही.

तुरटीनं गढूळपणा तळाशी बसतो, जंतू मरत नाहीत. टँकरचं पाणी खळखळ उकळा, नाहीतर क्लोरीनचं औषध टाकून अर्धा तास थांबा.

आणि तांदळाच्या धुवणासारखे ढाळ, शौचात रक्त, अंगात ताप किंवा डोळे खोल गेलेलं लेकरू दिसलं, तर ओआरएस पाजत पाजतच १०८ ला फोन करा.