एमआर लसीला पाप म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

ठाण्यातल्या आपल्या कॅथलिक मंडळींच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. गोवर-रुबेलाच्या लसीत मारलेल्या बाळांचे तुकडे असतात, त्यासाठी दरवर्षी नवे गर्भपात होतात, चर्चने ही लस निषिद्ध ठरवलीय, कोविडच्या वेळी चर्चने अशा लसींना दिलेली परवानगी तेवढ्यापुरतीच होती, आणि रुबेला म्हणजे नुसतं पुरळ, त्यासाठी पाप कशाला घ्यायचं. कोलबाडच्या माझ्या भाचीने हे वाचलं आणि नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळाला डोसला नेलंच नाही. आशाताई विचारायला आल्या तर बाळाला सर्दी झालीय म्हणून सांगितलं! म्हणून हे लिहितेय.

तुकडेबिकडे काही नसतात. विषाणू पेशींवर वाढवतात, मग वेगळा काढून गाळून घेतात, राहिलाच तर डीएनएचा अतिसूक्ष्म अंश. पेशी गर्भपात झालेल्या गर्भातून आल्या हे मात्र खरंय, ते मी नाकारत नाही, सीरमच्या एमआर लसीच्या माहितीपत्रकावरही ह्युमन डिप्लॉइड सेल, म्हणजे माणसाच्या पेशी, असं छापलेलं असतं. पण अशा लसींसाठीची डब्ल्यूआय-38 ही सेल लाइन, म्हणजे लॅबमध्ये वाढवत ठेवलेला पेशींचा वंश, 1962 ची, स्वीडनमधल्या एका गर्भाची, आणि एमआरसी-5 ही 1966 ची, ब्रिटनमधली. या दोन्हींसाठी त्यानंतर दुसरा गर्भ लागलेला नाही, त्याच पेशी लॅबमध्ये वाढवत आणि गोठवून ठेवत आलेत. मग दरवर्षीचे गर्भपात आले कुठून?

आता ते 'नुसतं पुरळ'. याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय. मुलाला पुरळच येतं, दोन-चार दिवसांत जातं, मान्य. पण तेच मूल मांडीवर घेणारी बाई तिसऱ्या महिन्यात असेल तर? पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला की बहुतेक वेळा बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयात दोष, नाहीतर गर्भच पडतो. अमेरिकेत 1964-65 च्या साथीत असे दोष घेऊन सुमारे 20,000 बाळं जन्मली, आणि 11,000 च्या आसपास गर्भ गेले, काही आपोआप पडले, काही पाडले गेले. लसीतला विषाणू त्याच काळात मिळाला, रुबेला झालेल्या बायकांनी त्या भीतीपोटी गर्भपात करून घेतले त्यातल्या तपासलेल्या 27व्या गर्भातून. लस हवी म्हणून कोणी ते पाडले नव्हते, रुबेला झाला म्हणून पाडले. मेसेज लिहिणाऱ्याला गर्भातल्या जिवाची एवढी काळजी असेल तर त्याने रुबेलाच आधी थांबवायला हवा ना!

आणि चर्चने निषिद्ध ठरवली म्हणे. व्हॅटिकनच्या पोन्टिफिकल अकॅडमी फॉर लाइफ या, जीवनाशी निगडित नैतिक प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेने 2005 मध्ये अशा लसींवर सविस्तर लिहिलंय, म्हणजे कोविडच्या पंधरा वर्षं आधी. अशा पेशी न वापरलेली दुसरी लस असेल तर ती घ्या, नसेल आणि मुलांना किंवा समाजाला धोका असेल तर ही घेता येते, असं त्यात आहे. रुबेलावर तर वेगळी तळटीप आहे, ती या लोकांनी उघडूनसुद्धा पाहिली नसणार. मुलांना लस न देणारे आईवडील पुढे होणाऱ्या व्यंगांना, आणि व्यंग दिसलं म्हणून होणाऱ्या गर्भपातांनाही जबाबदार ठरतात, असं तिथे म्हटलंय. पाप कोणाच्या डोक्यावर जातं ते आता तुम्हीच बघा. पुढे 2008, 2017 आणि 21 डिसेंबर 2020 ला रोमने लस घेता येते असंच सांगितलंय.

2020 च्या पत्रकात लस ऐच्छिक असावी असंही आहे, ते हे लोक लगेच पुढे करतील. पण त्याला लागूनच लिहिलंय की विवेकाला पटत नाही म्हणून नकार देणाऱ्याने आपल्यामुळे रोग पसरणार नाही यासाठी होईल ते सगळं करायचं. नऊ महिन्यांचं बाळ सोसायटीतल्या कोणत्या गरोदर बाईपासून लांब राहणार आहे?

त्या पेशींचा उगम मलाही टोचतो. आपला विरोध कळवा, दुसऱ्या प्रकारची लस मागा, हेही रोमच सांगतं, तर कंपनीला आणि आरोग्य मंत्रालयाला पत्र लिहूया, पहिली सही माझी. पण भाचीच्या बाळाचा डोस त्या पत्राच्या उत्तरासाठी थांबणार नाही, या आठवड्यात मी स्वतः तिला आरोग्य केंद्रावर घेऊन जाणारे.