काट्यावरची सायकल आणि रस्त्यावरची सायकल

वसंत लागला, की सायकलवाल्यांमध्ये एक मजकूर फिरू लागतो. शब्द दर वर्षी थोडे बदलतात, म्हणणं तेच राहतं. थोडक्यात ते असं: सायकल निवडताना आधी ती काट्यावर ठेवा, एक किलो कमी म्हणजे वेगात थेट वाढ. टायर जितका अरुंद आणि जितका टणक, तितकी सायकल पळते. फ्रेम कार्बनची नसेल तर तिचा विचारच करू नका. गिअर जितके जास्त, तितकी सायकल वरच्या दर्जाची. विश्वास बसत नसेल तर नवी सायकल नेहमीच्या रस्त्यावर घेऊन जा, घड्याळ सांगेल. आणि शेवटी एक सल्ला: सायकल जड असेल तर गटाच्या राइडला येऊ नका, तुम्ही मागे पडाल आणि इतरांचाही खोळंबा कराल.

हे सगळं मी बरीच वर्षं वाचून सोडून देत होतो. पण गेल्या वसंतात एका मैत्रिणीला राइडला बोलावलं तेव्हा ती म्हणाली, "माझी सायकल तुमच्यात शोभायची नाही. चौदा किलोची आहे." उत्तम राखलेली स्टीलची सायकल, मडगार्ड, कॅरिअर, दिवा, सगळं जागच्या जागी. तिने तो मजकूर वाचला होता. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वजनापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्याच खुंटीवर टांगलेलं आहे.

सपाट रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने जाणारा स्वार समजा. स्वार आणि सायकल मिळून 80 किलो, हात हँडलच्या वरच्या भागावर. साध्या भौतिकशास्त्राने हिशोब मांडला तर त्याला सुमारे 155 वॉट ताकद लावावी लागते. त्यातले 120 वॉट नुसती हवा बाजूला सारण्यात जातात आणि टायर रस्त्यावर घरंगळण्यात 33 च्या आसपास. आता सायकल एक किलोने हलकी करा. वाचतो तो अर्धा वॉटही नाही. तोच स्वार कोपरं वाकवून, छाती जरा खाली घेऊन बसला तर पंधराएक वॉट सहज वाचतात. म्हणजे सपाटीवर कोपरं वाकवण्याची किंमत तीस किलो वजन कमी करण्याहून जास्त आहे, आणि तेवढं तर साध्या सायकलीचं अख्खं वजनही नसतं.

कारण असं, की हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो भेदायला लागणारी ताकद घनाच्या प्रमाणात. वजन मात्र सपाटीवर फक्त टायरच्या घर्षणातून जाणवतं, आणि ते घर्षण मुळातच थोडं असतं.

याचा सर्वांत बोलका पुरावा तासाच्या विक्रमात आहे. ही एकट्याची कसोटी: ट्रॅकवर एका तासात किती अंतर कापता, बस. ब्रिटिश सायकलपटू ख्रिस बोर्डमनने 1996 साली मँचेस्टरच्या ट्रॅकवर हात पार पुढे ताणलेल्या बैठकीत 56.375 किलोमीटर कापले. पुढे नियम बदलले आणि बैठक जुन्या धाटणीचीच हवी असं ठरलं. 2000 साली त्याच बोर्डमनने त्याच मँचेस्टरला 49.441 किलोमीटर केले. मधल्या चार वर्षांत त्याचं वयही वाढलं होतं, हे मान्य. पण तासाला जवळपास सात किलोमीटरचा फरक वयाने पडत नाही, तो मुख्यतः हवेने पाडला. आणि 2000 साली त्याने मोडला तो विक्रम बेल्जियमच्या एडी मर्क्सचा, 1972 मधला, मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत केलेला: 49.431 किलोमीटर. फरक फक्त दहा मीटरचा. मर्क्सची ती सायकल स्टीलची होती आणि वजन पावणेसहा किलोच्या आसपास. आज शर्यतींची जागतिक संघटना यूसीआय 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल चालू देत नाही, हा नियम 2000 पासूनचा आहे. म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीची ती स्टीलची सायकल आजच्या किमान मर्यादेहून एक किलोने हलकी होती. कार्बनचा मुद्दा इथेच अर्धा निकालात निघतो.

चढावर मात्र वजन लागतं, हे मी नाकारत नाही. 6 टक्के चढाचा, 5 किलोमीटरचा घाट घ्या, म्हणजे 300 मीटर उंची. दीडशे वॉट लावणाऱ्या स्वाराला तो चढायला अर्ध्या तासाच्या आसपास लागतो. एक किलो कमी केला तर वाचतात सुमारे वीस सेकंद. शर्यतीत वीस सेकंद ही मोठी गोष्ट आहे. पण तुम्ही घाटावर जाणार ते वरून दिसणारं पाहायला असाल, तर हे वीस सेकंद कुठे ठेवायचे ते मला सांगा. शिवाय पाण्याच्या दोन भरलेल्या मोठ्या बाटल्या म्हणजेच दीड किलो, आणि त्या कोणी घरी ठेवत नाही, ठेवूही नयेत.

वजनाची तक्रार खरी असते अशी माणसंही आहेत. ज्याला रोज तीन मजले सायकल खांद्यावर न्यावी लागते तो. किंवा ज्या स्वाराचं स्वतःचं वजन 45 किलो आहे त्याच्यासाठी 14 किलोची सायकल म्हणजे एकूण भाराचा जवळजवळ चौथा हिस्सा. त्यांनी हलकी सायकल जरूर बघावी. त्यांना हा सल्ला लागू पडतो म्हणून तो सगळ्यांच्या गळ्यात बांधायचं कारण नाही.

"चाकाचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमचे दहा" असंही याच्या जोडीला ऐकू येतं. रिमवरचं वजन वेग घेताना जास्तीत जास्त दुप्पट मोजावं लागतं, दहापट नाही. आणि एकसारख्या वेगात चालताना तेही नाही.

आता टायर. इथे मजकूर नुसता अपुरा नाही, उलटा आहे. टायर रस्त्याला टेकतो त्या ठशाचं क्षेत्रफळ मुख्यतः दोनच गोष्टींवर ठरतं, भार आणि आतल्या हवेचा दाब. दाब सारखा ठेवला तर अरुंद टायरचा ठसा लांबट आणि चिंचोळा होतो, रुंद टायरचा आखूड आणि पसरट. लांबट ठशात टायरची बाजू जास्त दबते, आणि दर फेऱ्याला रबर दबून पुन्हा सरळ होताना ताकद उष्णता होऊन निघून जाते. म्हणजे सारख्या दाबाला रुंद टायर कमी ताकद खातो. हवेला तो किंचित जास्त आडवा येतो हे खरं, पण नेहमीच्या वेगात त्याचा भुर्दंड लहान असतो.

दाबाचंही तसंच. काचेसारख्या गुळगुळीत ट्रॅकवर टणक टायर चालतो. रस्ता मात्र खडबडीत असतो. फार टणक टायर प्रत्येक खड्यावर सायकल आणि स्वार दोघांनाही वर उडवतो. ती उसळी तुमच्याच ताकदीतून येते, आणि अंगात हादरे घेऊन जिरते. हात बधिर होतात, पाठ दुखते, आणि आपल्याला वाटतं, काय भरधाव चाललोय, कारण थरथर म्हणजेच वेग असा भास होतो. व्यावसायिक शर्यतींत एके काळी 23 मिलिमीटरचे टायर सर्रास असत. आज 28 किंवा त्याहून रुंद टायर नेहमीचे झाले आहेत, आणि 1896 पासून चाललेल्या पॅरिस-रुबे शर्यतीत, दगडी फरसबंद रस्त्यांवर, 30 च्या वरचे. सेकंदासेकंदासाठी झगडणारी माणसं रुंदीकडे वळली ती चैन म्हणून नव्हे.

माझा अनुभव सांगायचा तर आहे त्या सायकलीत सर्वांत मोठा बदल घडवायचा असेल तर फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद आणि लवचिक बाजूंचे चांगले टायर घालावेत, आणि दाब टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेत, पण तिच्या वरच्या टोकाला न चिकटता, आपल्या वजनाप्रमाणे ठरवावा. मागच्या चाकावर भार जास्त असतो म्हणून मागे थोडी जास्त हवा. एवढ्याने जुनी सायकलही ओळखू येईनाशी होते.

कार्बनबद्दल उरलेला अर्धा मुद्दा: "कार्बन हादरे पिते, अॅल्युमिनिअम हाडं मोडते." फ्रेमचा त्रिकोण उभ्या दिशेत इतका थोडा वाकतो, की त्याच्या कितीतरी पट टायर दबतो. त्यानंतर सीटची नळी आणि सीट. दोन सायकलींच्या आरामात फरक जाणवला तर आधी टायर आणि हवा बघा, नळ्या कशाच्या आहेत ते नंतर. कार्बन वाईट नाही. त्याला हवा तसा आकार देता येतो आणि ते हलकं असतं. पण "स्टील म्हणजे जुनाट" हे म्हणणं मला पटत नाही, आणि ज्यांनी चांगल्या स्टीलच्या सायकलीवर लांब पल्ला केला आहे त्यांनाही पटणार नाही.

गिअरच्या संख्येबद्दल थोडक्यात. पुढे तीन आणि मागे आठ म्हणजे 24 गिअर, पण त्यातले बरेच एकमेकांच्या इतके जवळ असतात की पायांना वेगळे कळतच नाहीत, आणि चेन तिरकी ओढणाऱ्या काही जोड्या तर वापरूच नयेत. पुढे एकच 40 दात्यांची चकती आणि मागे 10 ते 52 दात्यांच्या बारा चकत्या असतील तर गिअर फक्त 12, पण सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या 5.2 पट. विचारायचं ते हे, की सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, म्हणजे दमलेल्या पायांनी शेवटचा चढ बसल्या बसल्या निघेल का. तूर द फ्रान्समध्ये डिरेलर, म्हणजे चालता चालता चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारं यंत्र, वापरायला परवानगी मिळाली ती 1937 साली. त्याआधीचे स्वार डिरेलरशिवाय डोंगर चढत होते, हे आठवलं की संख्येचा मोह उतरतो.

आता तो घड्याळाचा पुरावा, ज्याने भलेभले फसतात. मीही फसलो होतो. हिवाळाभर जुनी सायकल चालवली, वसंताच्या तोंडावर नवी घेतली, आणि त्याच रस्त्यावर वेळ कमी आली. महिनाभर मी सगळ्यांना सांगत होतो की सायकलीत किती दम आहे. पुढे एका उबदार दुपारी जुनी सायकल बाहेर काढली, आणि तिचीही वेळ कमी आली.

झालं होतं असं: थंड हवा दाट असते. 10 अंशांची हवा 25 अंशांवर गेली की घनता सुमारे 5 टक्क्यांनी उतरते, म्हणजे हवेचा अवरोधही तेवढाच. उबेत टायरचं रबर मऊ होऊन कमी ताकद खातं. फडफडणारं जॅकेट अंगावरून जातं. आणि पाय मोकळे झालेले असतात. हे सगळं वसंताचं देणं, श्रेय मात्र नव्या सायकलीला मिळतं.

त्यात वाऱ्याची भर. ताशी 25 ने जाताना समोरून ताशी 10 चा वारा आला तर हवेचा अवरोध जवळजवळ दुप्पट होतो, आणि तोच वारा पाठीमागून आला तर तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर उरतो. वसंतात वारा सकाळी एकीकडून, दुपारी दुसरीकडून. अशा दिवसांत एकेरी फेरीची वेळ घेऊन सायकलींची तुलना करणं म्हणजे वाऱ्याची तुलना करणं आहे.

खरी तुलना करायची तर दोन्ही सायकली एकाच दिवशी न्याव्यात. दोन्हींवर सीटची उंची सारखी मोजून लावावी, टायर शक्यतो सारखे आणि हवा गेजने बघून. हिवाळाभर टांगून ठेवलेल्या सायकलीची हवा उतरलेली असते आणि चेन कोरडी पडलेली असते, तिला तशीच नव्या सायकलीपुढे उभी करणं अन्याय आहे. मग छोटा, जाऊन परत येण्याचा रस्ता, आलटून पालटून, तीनतीन वेळा. आम्ही मित्रमंडळी हे मनापासून करतो आणि त्यात एक सकाळ छान जाते. वेळेतला फरक बहुतेकदा इतका किरकोळ निघतो की शेवटी बोलणं वळतं ते कुठल्या सायकलीवर मान अवघडली नाही, कुठली वळणावर मनासारखी वळली, आणि कुठली घेऊन अजून तासभर जावंसं वाटलं याकडे. माझ्या मते सायकल निवडण्याचे प्रश्न हेच आहेत.

राहिला तो शेवटचा सल्ला, ज्याचा मला खरोखर राग येतो. जड सायकलवाल्याने गटात येऊ नये म्हणे. गट म्हणजे नेमकी ती जागा जिथे सायकलीचं वजन सर्वांत कमी जाणवतं. पुढच्या चाकामागे जवळ राहिलं तर हवेचा अवरोध साधारण पाव ते एकतृतीयांश कमी होतो. ताशी 25 च्या वेगाला याचे वीसेक वॉट वाचतात. सहा किलो जास्त वजनासाठी त्याच वेगाला लागतात दोन. म्हणजे पुढे हवा कापणाऱ्या हलक्या सायकलवाल्यापेक्षा मागच्या जड सायकलवालीला कमी कष्ट पडतात. अट एवढीच, की पुढचा एकसारखा चालवणारा हवा, खड्डा दिसला की हाताने दाखवणारा हवा, आणि मागच्याने चाकाला चाक भिडेल इतकं जवळ जाऊ नये.

मैत्रीण शेवटी आली. आम्ही तिला दुसऱ्या जागेवर ठेवलं आणि सपाटीचा सगळा टप्पा ती बोलत बोलत आली. चढावर ती मागे राहिली. सहा किलोंनी तिथे हिशोबाप्रमाणे दोन मिनिटं घेतली असतील, तेवढा वेळ आम्ही वर पोचल्यावर धापा टाकण्यातच घालवला. उन्हं चढली होती, सकाळच्या गारठ्यासाठी घातलेली जॅकेटं सगळ्यांनी काढली, आणि ती ठेवायची कुठे हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. परतीच्या वाटेवर आम्हा पाच जणांची जॅकेटं तिच्या कॅरिअरवर बांधलेली होती.