घोरण्यावरचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी

नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. सार असं: घोरणं म्हणजे गाढ झोपेची खूण, लठ्ठ पुरुषच घोरतात, नाकात तूप सोडा, तोंडाला पट्टी लावा, रोज शंख फुंका, महिन्याभरात घोरणं बंद, मशीनच्या नादी लागलात तर जन्माची सवय. एकेक मुद्दा घेऊ.

“घोरणारा गाढ झोपलेला असतो.” ‘काय ढाराढूर झोपलाय’ असं आपण कौतुकानं म्हणतो खरं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट अरुंद होते आणि पडजीभ, मऊ टाळू थरथरायला लागतात. तेवढंच असेल तर त्रास शेजारी झोपणाऱ्याला. पण एखाद्या रात्री नीट ऐका. आवाज चढत जातो आणि मध्येच तुटतो. छाती-पोट हलतंय, पण नाकातोंडातून हवा नाही. मग गुदमरल्यासारखा एक मोठा श्वास, कूस बदलणं आणि पुन्हा घोरणं. घरच्यांना वाटतं, चला, थांबला एकदाचा! नेमकी तीच शांतता धोक्याची.

झोपेत घसा मिटून श्वास वारंवार १० सेकंद किंवा जास्त अडत असेल, तर त्याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास अडणं किंवा फार उथळ होणं तासाला १५ वेळांच्या वर गेलं की आजार मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीव्र म्हणजे सरासरी दर दोन मिनिटांना एकदा मेंदूनं माणसाला अर्धवट जागं करायचं. सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही. फक्त डोकं जड, गाडी चालवताना डुलकी, आणि गोळ्या चालू असूनही न उतरणारं बीपी. बप्पी लाहिरी १५ फेब्रुवारी २०२२ ला मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं.

“लठ्ठ पुरुषांचं दुखणं.” अर्धं खरं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या दीर्घ पाहणीत, वजन १० टक्के घटलेल्यांमध्ये श्वास अडण्याचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसलं. पण जबडा लहान किंवा हनुवटी मागे असेल, तर सडपातळ माणसाचाही घसा मिटतो. पाळी गेल्यानंतर बायकांमध्येही हे वाढतं. बाई घोरते हे घरात कुणी बोलत नाही, म्हणून तपासणीही होत नाही. आणि लहान मूल रोज घोरत असेल तर ‘बाबांवर गेलंय’ म्हणून हसू नका. टॉन्सिल, ॲडेनॉइड (नाकामागच्या गाठी) वाढलेत का ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना बघू द्या.

“नाकात तूप, तोंडाला पट्टी.” तुपानं कोरडं नाक मऊ पडेल, घशातली अडचण तिथं नाहीच. तेलकट पदार्थ नाकातून वारंवार फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होऊ शकतो. पट्टीचं तर विचारूच नका. नाक चोंदलेल्या माणसाचं तोंडही चिकटवायचं?

“शंख फुंका.” यात तथ्य आहे, म्हणूनच जास्त जपायला हवं. डिजरिडू या ऑस्ट्रेलियन वाद्यावर स्वित्झर्लंडमध्ये २५ जणांचा प्रयोग झाला होता, २००६ मध्ये छापून आला. वाजवणाऱ्यांची दिवसाची झोपाळूपणाची तक्रार कमी झाली. पुढे जयपूरला ३० रुग्णांवर शंखाचा प्रयोग झाला. आठवड्यातले पाच दिवस, किमान १५ मिनिटं, सहा महिने. दिवसाचा झोपाळूपणा ३४ टक्क्यांनी उतरला, श्वास अडण्याचे प्रसंग तासाला चार-पाचनं कमी झाले. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, असं त्यामागचं कारण सांगतात. आता हिशेब करा: ज्याचा श्वास तासाला ४० वेळा अडतो, त्याचा ३५ वेळा अडेल. शंख जरूर फुंका, शेजारी ओरडले नाहीत तर. पण उपचार सोडून नको.

“मशीनची सवय लागते.” हे मशीन म्हणजे सीपॅप, स्लीप ॲप्नियावरचं, ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये मांडलेलं तंत्र. मास्कमधून सतत हवेचा दाब मिळतो, त्यानं घसा मिटत नाही. औषध नाही, नशा नाही. मास्क लावलाय तोवर काम होतं, चष्म्यासारखं. गैरसोय आहे, खर्चही आहे, आणि घोरणाऱ्या प्रत्येकाला ते लागतही नाही. लागतं की नाही ते रात्रभराच्या झोपेच्या तपासणीवरून ठरतं.

गंमत म्हणजे मेसेजमध्ये दारूचा शब्दही नाही. झोपण्यापूर्वीचे दोन पेग घशाचे स्नायू आणखी सैल करतात. झोपेच्या काही गोळ्याही तेच करतात. पाठीवर झोपल्यावरच घोरणं वाढत असेल तर कुशीवर झोपून बघा. बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घालण्याची जुनी युक्ती अनेकांना चालते. नुसत्या घोरण्यासाठी आणि सौम्य आजारात खालचा जबडा पुढे धरणारं साधन दंतवैद्य बनवून देतात. आणि डॉक्टरांकडे जाताना रात्रीचं रेकॉर्डिंग फोनवर घेऊन जा, मधल्या शांततेसकट.