दगडी बंधारा जमीन राखतो, पुळण नव्हे

पावसाळा लागला की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. हिमनग वितळून समुद्राची पातळी वाढल्यामुळे किनारे खचत आहेत, एकदा गेलेली वाळू परत येत नाही आणि मरीन ड्राइव्ह व नेदरलँड्स भिंतींमुळेच टिकले आहेत. म्हणून सबंध कोकणपट्टीला दगडी बंधारा घालावा, असा त्याचा आशय असतो. त्यामागची काळजी खरी आहे, पण कारणे आणि उपाय दोन्ही तपासून पाहावे लागतील.

पहिला मुद्दा पातळीचा. पाण्यावर तरंगणारा हिमनग वितळल्याने पातळी जवळजवळ वाढत नाही. ती वाढते जमिनीवरच्या बर्फाने आणि तापून प्रसरण पावलेल्या पाण्याने. 1901 ते 2018 या काळात जगभरात ती सरासरी सुमारे 20 सेंटिमीटर चढली. दूरच्या काळासाठी ही वाढ गंभीरच आहे, परंतु एका जुलैत किनारा काही मीटर मागे सरतो तेव्हा त्याचा खुलासा वर्षाला काही मिलिमीटर चढणाऱ्या पाण्याने होत नाही. तिथे उधाणावर स्वार झालेल्या पावसाळी लाटा आणि वाळूचा आटलेला पुरवठा यांकडे पाहावे लागते. सह्याद्रीतून उतरणाऱ्या आखूड नद्यांची बरीचशी वाळू धरणांत अडते आणि खाडीत पोचलेली सक्शन पंपाने उपसली जाते, हे त्या संदेशात कुठेच नसते.

‘गेलेली वाळू परत येत नाही’ हे विधान तर पुळणीचा, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याचा, स्वभावच नाकारते. कोकणातील बहुतेक पुळणी बेसाल्टच्या किंवा जांभ्याच्या दोन भूशिरांमध्ये वसलेल्या आहेत. पावसाळ्यात उंच, लागोपाठ येणाऱ्या लाटा पुळणीवरची वाळू ओढून जवळच्या उथळ पाण्यात तिचे आडवे बांध रचतात, आणि पुढच्या लाटा त्या बांधांवरच फुटून थकतात. सुरूची मुळे उघडी पडतात, कमरेएवढी उभी कड तुटते, आणि फोटो काढले जातात ते नेमके याच दिवसांत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळू लागतो, लांब व सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू वर चढवतात आणि उन्हाळ्यापर्यंत पुळण बरीचशी भरून येते. ही देवघेव तुटीत जाते तेव्हाच खरी धूप होते.

या देवघेवीच्या मध्ये बंधारा उभा केला की काय होते? उतरत्या वाळूवर लाट पसरते आणि जिरते, तर भिंतीवर ती आपटून उलटते व जाताना पायथ्याची वाळू खरवडून नेते. भिंतीमागचा वाळूचा साठाही पुळणीला मिळेनासा होतो. पायथा पोकळ झाला की दगड खचतात आणि मग वर नवे दगड टाकण्याचे काम निघते. (ते दगड कुठल्या तरी डोंगराच्या खाणीतूनच येतात.) मागची बाग वाचते, पण होड्या ओढायची आणि मासळी वाळवायची पुळण जाते.

मरीन ड्राइव्हचा दाखला इथे लागू पडत नाही. तो रस्ता समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर आहे, आणि त्याच्या टेट्रापॉडपुढे, म्हणजे लाटा मोडायला टाकलेल्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांपुढे, राखायला पुळणच नाही. नेदरलँड्सचा दाखला तर संदेशाच्या विरुद्धच जातो. तिथे पूर रोखायला बांध आहेत हे खरे. पण 1990 पासून किनारारेषा राखण्यासाठी त्या देशाने मुख्यतः समुद्रतळाची वाळू उपसून किनाऱ्यावर घालण्याचे धोरण धरले आहे. 2011 मध्ये हेगजवळ एकाच ठिकाणी सुमारे 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू टाकून ती पसरवण्याचे काम लाटा-वाऱ्यावर सोपवले गेले.

राहिला ‘सबंध कोकणपट्टीचा’ आग्रह. खडकाळ भूशिरांना भिंतीची गरजच नाही. आणि किनाऱ्यालगत सरकणारी वाळू अडली तर त्याची किंमत शेजारी मोजतो. चेन्नई बंदराचे बांध एकोणिसाव्या शतकात उभे राहिले; उत्तरेकडे सरकणारी वाळू त्यांच्या दक्षिणेला साचून मरीना किनारा रुंदावला आणि उत्तरेचे रोयापुरम धुपू लागले. तिथे दगड टाकले, तेव्हा धूप आणखी उत्तरेला सरकली.

वस्ती किंवा रस्ता आधीच लाटांच्या तोंडाशी आला असेल, तिथे बंधाऱ्याला पर्याय नसतो हे मान्य. बाकी ठिकाणी निविदा काढण्यापूर्वी मे, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये, निदान काही वर्षे, त्याच जागी पुळणीची उंची व रुंदी मोजावी. कारण केवळ ऑगस्टच्या फोटोवर आखलेला बंधारा बहुधा डिसेंबरमध्ये भरून येणाऱ्या वाळूवरच बांधला जातो.