हार्वर्डात आता फक्त मेरिट? वशिल्याचं तट्टू अजून तबेल्यातच आहे

प्रवेशांचा हंगाम आला की एक मेसेज ग्रुपांमधून फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये वंशाचं आरक्षण मोडीत काढलं. त्याआधी कृष्णवर्णीयांसाठी जागा राखीव असायच्या. आता हार्वर्ड, येल, एमआयटीत निव्वळ गुणवत्तेवर प्रवेश मिळतो, पैसा आणि ओळखपाळख चालत नाही, गरिबाला तर फीच माफ. भारतीय मुलांची चांदी झाली. आपण कधी शहाणे होणार?

निकाल खरा आहे. २९ जून २०२३ रोजी तो लागला, मुख्य न्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांनी लिहिला. हार्वर्डच्या खटल्यात ६ विरुद्ध २, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या खटल्यात ६ विरुद्ध ३. अर्जदार अमुक वंशाचा आहे एवढ्यावरून त्याला झुकतं माप द्यायला बंदी झाली. मेसेजमधली उरलेली वाक्यं मात्र एकेक करून तपासावी लागतात.

"जागा राखीव असायच्या"

१९७८ नंतर नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या मेडिकल कॉलेजने १०० पैकी १६ जागा बाजूला काढून ठेवल्या होत्या. अ‍ॅलन बाकी या अर्जदाराच्या खटल्यात कोर्टाने तो कोटा रद्द केला आणि वंश हा अनेक बाबींपैकी एक म्हणून बघायला परवानगी दिली. २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची १५० गुणांची पद्धतही कोर्टाने पाडली, कारण तिथे अल्पसंख्य वंशाच्या अर्जदाराला सरसकट २० गुण मिळत. म्हणजे आपल्या कॅप राउंडला प्रवर्गनिहाय जागा आणि कटऑफ छापून येतात, तसलं काही तिथे ४५ वर्षं नव्हतंच. कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत तर १९९६ च्या सार्वमतानंतर वंश बघणंच बंद होतं. २०२३ मध्ये जे गेलं त्याला 'आरक्षण' म्हणणं हा भाषांतराचा घोळ आहे, आणि मेसेजची सगळी इमारत त्याच घोळावर उभी आहे.

"आता निव्वळ गुणवत्ता"

इथे जरा थांबावं लागेल, कारण हार्वर्डची प्रवेशाची खोली कशी चालते हे खटल्यामुळे कागदावर आलं आहे. एरवी ती माहिती बाहेर पडली नसती.

आधी गुणांचं बघू. २०१९ मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीसाठी अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज आले होते. त्यांत शाळेत पैकीच्या पैकी ग्रेड असलेले ८,००० च्या आसपास, सॅटच्या (कॉलेजप्रवेशासाठीची देशव्यापी परीक्षा) गणितात पूर्ण गुण मिळवलेले ३,४०० हून जास्त, भाषेत पूर्ण गुण मिळवलेले २,७०० हून जास्त. प्रवेश देऊ केले गेले २,००० च्या आसपास. नुसत्या गुणांची यादी लावायची म्हटली तरी यादीच्या टोकाला एवढी गर्दी, की निवड दुसऱ्याच कशावर तरी करावी लागते. ते 'दुसरं काहीतरी' म्हणजे फाइलवर पडणारे शेरे: अभ्यास, शाळेबाहेरचे उद्योग, खेळ आणि व्यक्तिमत्त्व. प्रत्येकाला १ ते ६ असा आकडा, १ सर्वांत वरचा. मग प्रदेशवार उपसमिती, मग सुमारे ४० जणांची पूर्ण समिती. शेवटी निवडलेले जास्त भरले की काटछाट. हार्वर्डच्या बोलीत त्याला 'लॉप' म्हणतात. या काटछाटीच्या यादीवर नावापुढे चारच गोष्टी असत, असं निकालपत्रातच नोंदलं आहे: आईवडील हार्वर्डचे आहेत का, खेळाडू म्हणून बोलावलेला आहे का, आर्थिक मदत लागणार आहे का, आणि वंश.

२०२३ च्या निकालाने यातला चौथा रकाना पुसला. पहिल्या दोन रकान्यांना निकालाने हात लावला नाही, आणि 'फक्त मेरिट' या शब्दांचं काय करायचं ते इथेच ठरतं.

आईवडील त्याच कॉलेजचे असणं याला तिथे 'लेगसी' म्हणतात. लेगसी, बोलावलेले खेळाडू, प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं आणि 'डीनच्या यादीतली' मुलं (या यादीत देणगीदारांची मुलं मोठ्या संख्येने असतात) असे चार गट धरले, तर हार्वर्डने २०१४ ते २०१९ च्या तुकड्यांत घेतलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त या चारांत मोडत. कृष्णवर्णीय, आशियाई आणि हिस्पॅनिक मुलांत हेच प्रमाण १६ टक्क्यांच्या आत. या गोऱ्या मुलांपैकी सुमारे तीन चतुर्थांश, हा टेकू नसता तर आत आली नसती. हा हिशोब मांडला ड्यूक विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ पीटर आर्सिडियाकोनो आणि सहकाऱ्यांनी. आर्सिडियाकोनो खटल्यात हार्वर्डच्या विरुद्ध बाजूचे तज्ज्ञ होते. म्हणजे वंशाचा विचार बंद करा म्हणणाऱ्यांच्याच तज्ज्ञाचा आकडा आहे. मेसेज लिहिणाऱ्याला तो गैरसोयीचा वाटला असावा.

त्याच काळात लेगसी अर्जदारांपैकी तिघांत एकाला प्रवेश मिळत होता, इतरांना शंभरात सहाच्या आसपास. अर्थात हा कच्चा आकडा आहे. हार्वर्डमध्ये शिकलेल्यांची मुलं मुळात चांगल्या शाळांतली, त्यांचे गुणही बरे असणारच. म्हणून समान गुणांच्या मुलांची तुलना करायला हवी, आणि तीही झालेली आहे. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांनी जुलै २०२३ मध्ये आयव्ही लीग या जुन्या नामवंत गटातली आठ कॉलेजं (हार्वर्ड, येल त्यांतलीच) आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारांचा अभ्यास मांडला. सॅटचे गुण तेच असताना सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांतल्या (वर्षाला ६,११,००० डॉलरच्या वर कमाई) मुलाला प्रवेश मिळण्याची शक्यता सरासरी अर्जदारापेक्षा ३४ टक्के जास्त, आणि त्याहून वरच्या ०.१ टक्क्यातल्या मुलाला दुपटीहून जास्त. या झुकत्या मापाचा जवळपास निम्मा भाग लेगसीचा. उरलेला व्यक्तिमत्त्व-उपक्रमांच्या शेऱ्यांचा आणि खेळाडू भरतीचा. मोठ्या सरकारी विद्यापीठांत हा कल दिसला नाही.

खेळाडू म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गरीब घरातून वर आलेला धावपटू येतो. पण हार्वर्डमध्ये विद्यापीठाचे ४२ संघ आहेत, आणि त्यांत तलवारबाजी, स्क्वॉश, शिडाच्या होड्या, वल्हवणं हेही येतं. वल्हवायला नदी लागते, बोट लागते, प्रशिक्षक लागतो आणि आठवीपासून पहाटे गाडीने सोडणारं कुणीतरी लागतं. बोलावलेल्या खेळाडूंपैकी ८६ टक्के आत जात होते.

व्यक्तिमत्त्वाचा रकाना कुठून आला, हेही जाता जाता. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांना ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या खुपत होती. त्यांनी थेट १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. ती उघडपणे मंजूर झाली नाही. पण काही वर्षांतच 'चारित्र्य', फोटो, वडिलांचं नाव-गाव असे प्रश्न अर्जात आले आणि काम भागलं. गंमत म्हणजे मेसेजला खरोखर हाताशी असलेला मुद्दा इथेच होता, आणि त्याने तो वापरला नाही: शंभर वर्षांनी याच रकान्यात आशियाई-अमेरिकन मुलांना इतरांपेक्षा कमी आकडे पडत होते, हे खटल्यात पुढे आलं. ती तक्रार पोकळ नव्हती.

"पैसा, ओळखपाळख चालत नाही"

मार्च २०१९ मध्ये उघड झालेलं 'व्हर्सिटी ब्लूज' प्रकरण याचा पुरावा म्हणून दाखवतात: बघा, लाच देणारे आईबाप तुरुंगात गेले! गेले, खरं आहे. पण कशासाठी? रिक सिंगर हा दलाल सॅटच्या केंद्रावरचा पर्यवेक्षक फोडायचा, मुलाला अध्ययन-अडचणीचा दाखला काढून जादा वेळ मिळवून द्यायचा, मग त्या ठरावीक केंद्रावर उत्तरं दुरुस्त व्हायची. किंवा प्रशिक्षकाला पैसे चारून, कधी न खेळलेल्या मुलाला खेळाडू म्हणून घुसवायचा. त्यासाठी दुसऱ्याच्या अंगावर याचं डोकं चिकटवलेले फोटोही तयार व्हायचे. एका अभिनेत्रीने उत्तरांसाठी १५,००० डॉलर मोजले, दुसरीने नवऱ्यासह दोन मुलींना वल्हवणाऱ्या म्हणून दाखवायला ५ लाख.

सिंगर गिऱ्हाइकांना तीन दारं सांगायचा: पुढचं स्वतःच्या जिवावर, मागचं कॉलेजला घसघशीत देणगी देऊन, आणि त्याचं स्वतःचं बाजूचं, जे मागच्यापेक्षा कितीतरी स्वस्त. सरकारने बाजूचं दार बंद केलं. त्या व्यवहारात पैसा कॉलेजऐवजी प्रशिक्षकाच्या खिशात जात होता, फसवणूक कॉलेजची होत होती. मागच्या दाराबद्दल अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याची अळीमिळी गुपचिळी आहे, कारण देणगी कायदेशीर, आणि तिच्यावर कर सवलतही मिळते.

सगळीच कॉलेजं अशी नाहीत. एमआयटी आणि कॅलटेक लेगसी बघत नाहीत. जॉन्स हॉपकिन्सने ती सोडल्यावर लेगसी मुलांचं प्रमाण २००९ च्या १२.५ टक्क्यांवरून २०१९ मध्ये ३.५ वर आलं, आणि कॉलेज काही बुडालं नाही. कॅलिफोर्नियाने खासगी कॉलेजांतही लेगसी आणि देणगीदारांची मुलं यांना झुकतं माप द्यायला बंदी करणारा कायदा २०२४ मध्ये केला.

"भारतीय मुलांची चांदी"

निकालानंतरची पहिली तुकडी २०२४ च्या शरद ऋतूत आली. एमआयटीत आशियाई-अमेरिकन ४० टक्क्यांच्या आसपासवरून ४७ वर गेले, कृष्णवर्णीय १३ वरून ५ वर आले. अ‍ॅम्हर्स्टमध्ये कृष्णवर्णीय ११ वरून ३ टक्क्यांवर. पण येलमध्ये आशियाई-अमेरिकन ३० वरून २४ वर घसरले, प्रिन्स्टनमध्येही थोडे घटले, हार्वर्डमध्ये ३७ वरच राहिले. शिवाय वंश न सांगणाऱ्यांचं प्रमाण हार्वर्ड आणि प्रिन्स्टनमध्ये वाढलं, त्यामुळे दोन-तीन टक्क्यांच्या फरकावरून ढोल वाजवण्यात अर्थ नाही.

याहून मोठी चूक वेगळीच आहे. हे आकडे अमेरिकन नागरिकांचे आणि ग्रीनकार्डधारकांचे. पुण्याहून किंवा मडगावहून भारतीय पासपोर्टवर अर्ज करणारा मुलगा 'आशियाई' रकान्यात येतच नाही, तो 'आंतरराष्ट्रीय'. त्याची स्पर्धा वेगळी, आणि त्याच्यासाठी कळीचा प्रश्न असतो आर्थिक मदत मागितली का नाही हा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅम्हर्स्ट, डार्टमथ, बोडन अशी मोजकी कॉलेजं परदेशी अर्जदाराची ऐपत न बघता निवड करतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदतीच्या चौकोनात टिचकी मारली की निवडीची शक्यता घटते. अमेरिकेतच, एडिसनमध्ये किंवा फ्रिमाँटमध्ये लहानाचा मोठा झालेला, पण अजून एच-४ व्हिसावर (एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या कुटुंबाला मिळतो तो) असलेला मराठी मुलगा तिथल्या केंद्र सरकारच्या मदतीला तर पात्र नाहीच, आणि पुष्कळ कॉलेजं मदतीच्या बाबतीत त्यालाही परदेशीच धरतात. हे घरी अकरावीतच बोलून ठेवावं. बारावीच्या ऑक्टोबरमध्ये कळलं तर पंचाईत होते.

"गरिबाला फी माफ"

ही गोष्ट खरी आहे. हार्वर्डने २०२५-२६ पासून २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना शिकवणी फी माफ केली, आणि १ लाखाच्या आत तर राहणं-खाणंही. पण माफी आत गेल्यावर मिळते. सॅटमध्ये १,३०० किंवा जास्त गुण मिळवण्याची शक्यता सर्वांत वरच्या १ टक्का घरांतल्या मुलाला सर्वांत खालच्या २० टक्क्यांतल्या मुलाच्या १३ पट आहे. म्हणून परीक्षाच रद्द करावी, असंही नाही; निबंध आणि उपक्रम पैशाने आणखी सहज सजवता येतात. डार्टमथने २०२४ मध्ये सॅट पुन्हा सक्तीची केली, कारण गरीब घरातली १,४०० च्या आसपासची मुलं 'कमी पडतील' म्हणून गुण लपवत होती आणि तिथेच मार खात होती. त्यांच्या शाळेच्या मानाने ते गुण उत्तम होते.

मग येतो 'अर्ली डिसिजन'. १ नोव्हेंबरच्या सुमाराला एकाच कॉलेजला अर्ज, निवड झाली तर तिथेच जायचं. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, पेन ही पद्धत वापरतात आणि जागांचा मोठा वाटा डिसेंबरातच भरतात. मदत फारच अपुरी असेल तर सुटता येतं, पण दोन-तीन कॉलेजांच्या मदतीची पत्रं शेजारी ठेवून घासाघीस करता येत नाही. ज्याला घासाघीस करायची गरजच नाही, त्याच्या सोयीची ही रांग.

"आपण कधी शहाणे होणार"

आपल्याकडे पैशाची जागा निदान नाव लावून बसते. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या २००५ च्या निकालाने खासगी व्यावसायिक कॉलेजांत १५ टक्क्यांपर्यंत एनआरआय जागा ठेवायला मुभा दिली. २०२४ मध्ये पंजाबने त्या व्याख्येत काका-मामा-मावशी घुसवायचा प्रयत्न केला, तेव्हा सुप्रीम कोर्टाने चांगलंच खडसावलं. गुणवत्तेच्या नावाने गळा काढणाऱ्या त्या मेसेजात या जागांबद्दल चकार शब्द नसतो.

कुठल्या अमेरिकन कॉलेजात काय चालतं, हे बघायला मेसेजची गरज नाही. त्या कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' (कॉलेजं ठरलेल्या नमुन्यात दरवर्षी भरतात ती माहिती) असं शोधा. बहुतेकांची पीडीएफ मिळते. त्यात सी-७ हा तक्ता उघडा: 'माजी विद्यार्थ्यांशी नातं' या ओळीत 'विचारात घेतलं जातं' अशी खूण आहे की 'घेतलं जात नाही', ते दिसेल. सी-२१ मध्ये अर्ली डिसिजनचे अर्ज आणि निवडी. त्या एकूण जागांशी ताडून बघा. एच-६ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांपैकी किती जणांना कॉलेजने मदत दिली आणि सरासरी किती, हे असतं. तिथे शून्य असेल, तर त्या कॉलेजच्या अर्जाची फी भरण्याआधी घरची पासबुकं बाहेर काढा.